धरणाच्या वर राहणारा मतदार

२०२४ साली भोर, वेल्हे आणि मुळशी या तीन तालुक्यांच्या मतदारांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन कौल दिले. मे महिन्यातील लोकसभेच्या निवडणुकीत बारामती मतदारसंघातून श्रीमती सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्या विजयात एकट्या भोर विधानसभा क्षेत्राने चाळीस हजारांहून अधिक मतांच्या आघाडीची भर घातली. नोव्हेंबरमध्ये त्याच क्षेत्राने त्याच आघाडीचे उमेदवार, तीन वेळा निवडून आलेले काँग्रेसचे आमदार श्री. संग्राम थोपटे यांना नाकारले आणि श्री. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. शंकर मांडेकर यांना एकोणीस हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये श्री. थोपटे यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसचा म्हणून ओळखला गेलेला वाडा एका दिवसात काँग्रेसचा उरला नाही.

या घटनाक्रमावर शहरी भाष्यकारांचा शेरा ठरलेला आहे : मतदार चंचल आहे, त्याला पक्षनिष्ठा नाही, तो आज एका चिन्हापुढील बटण दाबतो आणि उद्या दुसऱ्या. हा शेरा अन्यायाचा तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे तो खोटा आहे. या पंचवीस वर्षांत आपल्या जागेवरून कोण हलले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

१९९९ साली श्री. शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भोरमध्ये काँग्रेसचे ज्येष्ठ नेते श्री. अनंतराव थोपटे यांचा राष्ट्रवादीच्या श्री. काशिनाथ खुटवड यांनी पराभव केला. निकालानंतर लगेच दोन्ही काँग्रेस राज्यात एकत्र सत्तेवर बसल्या, तरी भोरच्या गावागावांत मात्र त्या दोन पक्षांची भांडणे पुढील पाव शतक धुमसत राहिली. २००४ साली श्री. अनंतराव थोपटे पुन्हा निवडून आले. २००९ पासून त्यांचे चिरंजीव. मग मार्च २०२४ मध्ये श्री. शरद पवार स्वतः थोपटे यांच्या घरी गेले आणि जुने वैर मिटल्याचे जाहीर झाले. तोवर राष्ट्रवादीचेच दोन तुकडे झालेले होते. घड्याळ एकाकडे गेले होते आणि दुसऱ्याच्या हाती तुतारी आली होती. शिवसेना २०२२ साली फुटली होती. तिचे दोन्ही गट, राष्ट्रवादीचे दोन्ही गट, काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांची सरमिसळ अशी झाली की विधानसभेच्या रिंगणात सत्ताधारी महायुतीचा अधिकृत उमेदवार आणि त्याच महायुतीतील बंडखोर समोरासमोर उभे ठाकले.

या सगळ्या काळात वेळवंड खोऱ्यातला किंवा कानद खोऱ्यातला शेतकरी होता तेथेच होता. त्याची भातखाचरे तीच, त्याच्या अडचणी त्याच. हलले ते पक्ष, आणि पक्षांना हलवणारे नेते. भिंती उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायच्या आणि मग घरातल्या माणसाने जागा बदलली म्हणून बोट दाखवायचे, असा हा प्रकार आहे.

दूरच्या आरशात

पक्षभेद आणि मतदारांचे वर्तन यांचा सर्वात बारकाईने अभ्यास झाला आहे तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथील तीसच्या आसपास राज्यांत मतदार नावनोंदणी करतानाच आपला पक्षही सरकारी यादीत नोंदवू शकतो. काही राज्यांत एकाच खुणेने एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय आहे. तेथील पक्षाची भिंत किती पक्की आहे हे निकालांवरून दिसते. २०१६ साली ज्या राज्यांत सिनेटची निवडणूक झाली, त्या प्रत्येक राज्याने अध्यक्षपद आणि सिनेट यांसाठी एकाच पक्षाला कौल दिला. २०२० साली याला अपवाद ठरले ते एकटे मेन राज्य. २०२४ साली ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी अध्यक्षपदासाठी श्री. ट्रम्प यांना आणि सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना निवडले, तेव्हा तेथील पंडितांनी त्याची विशेष नोंद घेतली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेकडील गोरा मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे वळला, पण त्या वळणाला एक संपूर्ण पिढी लागली.

भोरच्या मतदाराने सहा महिन्यांत दोन वेगळे कौल दिले हे अमेरिकेच्या मापाने पाहिले तर विलक्षण वाटेल. परंतु येथे एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेत पक्षाची भिंत स्थिर असते आणि ती ओलांडणारा मतदार मोजला जातो. महाराष्ट्रात भिंतच दर निवडणुकीला नव्या जागी असते. तेव्हा मतदाराने ती ओलांडली की भिंतच त्याच्या अंगावरून गेली, हे ठरवणे अवघड होते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सभागृहातील सदस्याच्या उड्यांना थोडा लगाम घालण्याचा प्रयत्न केला. २००३ साली घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. पण त्यानंतरही संपूर्ण पक्ष नाव आणि चिन्हासकट ताब्यात घेण्याचा मार्ग उघडा राहिला, आणि पराभवानंतर पक्ष बदलणाऱ्याला तर कोणताच कायदा लागू होत नाही.

मतदाराने या गोंधळात विवेक दाखवला नाही असे म्हणता येणार नाही. लोकसभेला त्याच्यापुढे एक प्रश्न होता, विधानसभेला दुसरा. मे महिन्यात फुटलेल्या पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याविषयीची सहानुभूती आणि थोपटे गटाची साथ यांचा मेळ बसला. नोव्हेंबरमध्ये मुळशी तालुक्याला आपल्या तालुक्याचा आमदार हवा होता, घरातल्या बाईच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते, आणि वीस वर्षे एकाच घराकडे असलेल्या आमदारकीविषयी नाराजीही होती. प्रत्येक कारण समजण्यासारखे आहे. परंतु या कारणांच्या यादीत एक गोष्ट कोठेही नाही, आणि तिच्या अनुपस्थितीची चिंता वाटली पाहिजे. या डोंगरी तालुक्यांतील सर्वात मोठा, सर्वात जुना आणि सर्वात खरा भेद दोन्ही निवडणुकांत मतयंत्रापर्यंत पोहोचलाच नाही.

खरा भेद कोणता?

तो भेद धरणाच्या वर राहणारे आणि धरणाच्या खाली राहणारे यांच्यातील आहे.

भोर-वेल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवले तर जवळजवळ प्रत्येक मावळाच्या तोंडाशी एक भिंत उभी दिसते. वेळवंड खोऱ्यावर भाटघर. तेथे एकोणिसाव्या शतकातच पहिला बांध पडला आणि १९२८ साली आजचे मोठे धरण पुरे झाले. हिर्डस मावळात नीरा-देवघर, गुंजण मावळात गुंजवणी, मोसे खोऱ्यात वरसगाव, आंबी नदीवर पानशेत. मतदारसंघाला जोडलेल्या मुळशीत टाटांचे धरण आणि टेमघर. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती व इंदापूरला आणि उजव्या कालव्याने फलटण, माळशिरसकडे जाते. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्याच्या वाटेने पुणे शहराची तहान भागवते आणि पुढे दौंड-इंदापूरची शेते भिजवते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांवर बँका, शिक्षणसंस्था आणि राजकीय घराणी उभी राहिली. महाराष्ट्राच्या सत्तेचा एक मोठा स्रोत या खोऱ्यांतून उगम पावतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणि ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडतो त्यांचे काय? काठावरची सपाट, काळी जमीन बुडाली. वर उरली ती उताराची वरकस जमीन. सह्याद्रीच्या धो धो पावसात भिजणाऱ्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते, आणि खाली जलाशयात पाणी दिसत असते. तरणी माणसे पुण्याला आणि मुंबईला हमाली, माथाडी काम, गिरणी, कारखाना, हॉटेल यांच्या आसऱ्याला गेली. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे चोपन्न हजार भरली. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांना सामावणाऱ्या मुळशीची त्याच वेळी एक लाख सत्तर हजारांच्या वर होती. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव तेजस्वी आहे. पण नावाने नळाला पाणी येत नाही.

हा भेद मतयंत्रापर्यंत का पोहोचत नाही याचे उत्तर मतदारसंघाच्या रचनेतच आहे. बारामती लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत : बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, खडकवासला आणि भोर. म्हणजे पाणी देणारा आणि पाणी घेणारे हे सर्व एकाच खासदाराचे मतदार आहेत. देणारे क्षेत्र एक, घेणारी अनेक. अशा मतदारसंघात कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही घराण्याचा उमेदवार उभा राहिला तरी तो धरणाच्या वरच्या माणसाची बाजू घेऊन खालच्या माणसाचा रोष पत्करणार नाही. २०२४ ची लढत एकाच घराण्यातील दोन उमेदवारांत झाली. वृत्तपत्रांनी तिला ऐतिहासिक म्हटले, पण पाणीवाटपाच्या बाबतीत त्या दोन उमेदवारांत मतभेद असल्याचे कोणाच्या ऐकिवात आले नाही.

विस्थापितांची गोष्ट याहून करुण आहे. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन, हे त्याचे तत्त्व योग्यच होते. पण लाभक्षेत्र दूरच्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. एका गावाची माणसे चार ठिकाणी विखुरली की त्यांची मतेही चार मतदारयाद्यांत विखुरतात. नव्या गावात ती उपरी ठरतात आणि जुन्या गावात त्यांचे नाव उरत नाही. धरण गाव बुडवते तेव्हा एक मतपेटीही बुडवते. अमेरिकेतील काही राज्यांत सत्ताधारी पक्ष मतदारसंघांच्या सीमा वेड्यावाकड्या आखून विरोधी मते फोडतात, अशी तक्रार तेथे न्यायालयापर्यंत जाते. येथे नकाशाला हात न लावता हेच काम धरणाने केले आणि त्याविरुद्ध कोणी दाद मागितली नाही.

मिंधेपणाचे अर्थशास्त्र

यावर असा आक्षेप घेतला जाईल की डोंगरातल्या मतदाराने स्वतःच हा प्रश्न कधी लावून धरला नाही. तो आपल्या पुढाऱ्याच्या मागे गेला. हे खरे आहे, परंतु त्याची कारणे पाहिली पाहिजेत. १९४८ साली भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रजेचे नागरिक झाले. मात्र अर्ज घेऊन वाड्यावर जाण्याची सवय मोडावी, अशी व्यवस्था नव्या राज्याने उभी केली नाही. विकास सोसायटीचे कर्ज, जिल्हा बँकेची शाखा, दूध संघ, शाळेतली नोकरी, साकवाचे कंत्राट, आजारी माणसाला पुण्याच्या रुग्णालयात खाट मिळवून देणारी चिठ्ठी, ही सर्व दारे एकाच माणसाच्या किल्लीने उघडत असतील तर त्या माणसाशी निष्ठा ठेवणे हा गरिबाचा शुद्ध व्यवहार आहे. त्याला अज्ञान म्हणणारे लोक स्वतः शहरात अशाच ओळखीपाळखीवर जगत असतात.

निगड्याचा राजगड सहकारी साखर कारखाना या व्यवस्थेचे एक उदाहरण आहे. भाताच्या मुलखात सहकारी कारखाना उभा राहिला, लोकांना रोजगार मिळाला, उसाला गाळपाची जागा मिळाली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे तो आर्थिक अडचणीत आला, आणि अशा कारखान्याचे जगणे-मरणे राज्य सरकारच्या कर्जहमीवर अवलंबून असते. वृत्तपत्रांनी २०२५ च्या पक्षांतराची सांगड या अडचणीशी घातली. एका व्यक्तीच्या हेतूची चिकित्सा करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. सहकारी संस्थेच्या कर्जाची हमी जर सरकारात बसलेल्यांच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर संस्थेच्या सभासदांना विरोधी पक्षात राहण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही. सहकाराचा जन्म सावकाराच्या मर्जीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी झाला होता. आज सावकाराच्या जागी सरकार बसले आहे.

त्यातच स्थानिक स्वराज्याचा आधार काढून घेण्यात आला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती गेली आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. भोर आणि वेल्ह्याच्या पंचायत समित्यांची हीच गत झाली. निवडणुका घेण्यासाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्या पातळीवर डोंगरातला माणूस स्वतःचा प्रतिनिधी स्वतःच्या खोऱ्यातून निवडू शकतो, ती पातळीच गोठवली गेली. मग त्याने आमदाराच्या दारी रांग लावली तर दोष कोणाचा?

प्रश्नावर मत मागता येते

मतदार प्रश्नावर मत देत नाही, नेत्यावर आणि पक्षावरच देतो, असे ज्यांचे ठाम मत असेल त्यांनी अमेरिकेतल्याच नॉर्थ डाकोटा राज्याचा इतिहास पाहावा. १९१५ साली तेथील गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग नावाची संघटना उभी केली. तिचे प्रमुख ए. सी. टाउनली हे पूर्वी समाजवादी पक्षाचे संघटक होते. धान्याचे व्यापारी, रेल्वे आणि बँका यांच्या कचाट्यातून सुटण्याचा कार्यक्रम त्यांनी मांडला आणि पक्ष कोणताही असो, या कार्यक्रमाला मत द्या, असे सांगत गावोगाव सभासद केले. रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत लीगने आपले उमेदवार उभे केले, १९१६ साली गव्हर्नरपद जिंकले आणि १९१८ साली दोन्ही सभागृहे हाती घेतली. १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक निघाली आणि १९२२ साली ग्रँड फोर्क्स येथे राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी सुरू झाली. लीगच्या गव्हर्नरला १९२१ साली मतदारांनी परत बोलावले आणि लीगचा जोर ओसरला. तरीही बँक आणि गिरणी शंभर वर्षांनंतर तेथे चालू आहेत, आणि तेही रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या राज्यात. पक्ष आले आणि गेले. शेतकऱ्याने प्रश्नावर दिलेल्या मताचे फळ टिकले.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या एका प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसची भिंत पाडली आणि पुण्यातून समाजवादी नानासाहेब गोरे लोकसभेवर गेले. आणि त्याच्याही आधी, १९२१ ते १९२४ या काळात, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेथील अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. भरपाईची रक्कम हाती येण्याची चिन्हे दिसताच त्यांचा विरोध मावळला, आणि कसणारा मावळा एकटा पडला. धरणाच्या वरच्या माणसाची बाजू देशात प्रथम मांडली गेली ती आजच्या भोर मतदारसंघातच, हे विसरता येणार नाही. पुढे डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी राज्यभरातील धरणग्रस्तांचे संघटन केले. मोर्चे निघाले, कायदे झाले. परंतु मोर्चात चालणारा धरणग्रस्त मतदानाच्या दिवशी पुन्हा आपापल्या गटाच्या तंबूत परतला, कारण त्याच्या प्रश्नाच्या नावाने मत मागणारे संघटन गावात वर्षभर उभे नव्हते. समाजवादी चळवळीपुढचे काम हेच आहे.

ते काम अवघड असले तरी अस्पष्ट नाही. जलाशयातील पाण्याचा ठरावीक वाटा धरणाच्या वरच्या गावांसाठी, पिण्याला आणि उपशाला, कायद्याने राखून ठेवावा. पुनर्वसनाची जुनी प्रकरणे गावनिहाय जाहीर करून मुदतीत निकाली काढावीत. सहकारी संस्थांच्या कर्जहमीचे निकष लेखी, सर्वांना सारखे आणि मंत्र्यांच्या मर्जीबाहेर असावेत. जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी झालीच पाहिजे. या चार मागण्यांवर प्रत्येक उमेदवाराकडून, मग तो कोणत्याही चिन्हाचा असो, गावसभेत जाहीर उत्तर घ्यावे आणि पुढील पाच वर्षे त्या उत्तराचा पाठपुरावा करावा.

घाई करण्यास एक कारण आहे. विधानसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणार आहे. पुण्याच्या पश्चिमेकडील उपनगरे फुगत आहेत आणि डोंगरातली गावे रिकामी होत आहेत. पुढच्या नकाशात वेळवंड, गुंजण आणि मोसे खोऱ्यांच्या मताचे वजन आजच्याहून कमी होण्याचाच संभव अधिक. आज हा मतदार निकाल फिरवू शकतो, हे त्याने २०२४ साली दोनदा सिद्ध केले. हे सामर्थ्य त्याने एकदा एका गटासाठी आणि एकदा दुसऱ्या गटासाठी वापरले. ते स्वतःच्या पाण्यासाठी वापरण्याची संधी त्याला अजून कोणत्याही पक्षाने दिलेली नाही. जो पक्ष ती देईल, त्यालाच या डोंगरात पक्षनिष्ठेची अपेक्षा करण्याचा अधिकार पोहोचेल.